कोपऱ्यातली सही

पाटसला आमच्या जुन्या घराच्या माजघरात भिंतीवर एक लक्ष्मी होती. कमळात उभी, दोन्ही बाजूंना हत्ती, हातातून मोहरा ओघळताहेत. मूळची ती कुठल्याशा कापडदुकानाच्या कॅलेंडरवरची. वर्ष सरलं की खालचा तारखांचा गठ्ठा काढून टाकायचा आणि वरचं चित्र दौंडला नेऊन काचेत मढवून आणायचं, ही त्या काळी घरोघरची रीत. आजी रोज सकाळी देवपूजा आटोपली की लक्ष्मीला कुंकू लावायची, अर्थात काचेवर. वर्षानुवर्षांच्या कुंकवानं काचेवर एक तांबूस डाग कायमचा बसला होता. चित्राच्या खालच्या कोपऱ्यात वळणदार अक्षरांत एक नाव होतं. मी तेव्हा नुकताच सलग वाचायला शिकलो होतो. दिसेल ती अक्षरं वाचत सुटायचं वय. ते नाव वाचलं आणि माझी अशी समजूत झाली, की हे लक्ष्मीचं आडनाव असणार. मुळगावकर.

माझे धाकटे काका दौंडला रेल्वेत होते. पाटस स्टेशनवरून सकाळच्या गाडीनं जायचे, संध्याकाळच्या गाडीनं परतायचे. येताना शर्टाच्या आत खोचून एखादं पुस्तक आणायचे आणि रात्री सगळे झोपल्यावर वाचायचे. सकाळी ते पुस्तक गादीखाली जायचं. एका दुपारी मी ते बाहेर काढलं. मुखपृष्ठावर हिरवट अंधार, त्यात तोंडावर काळा बुरखा चढवलेला एक माणूस, हातात पिस्तूल, मागे घाबरलेली एक सुंदर बाई. पुस्तक बाबूराव अर्नाळकरांचं होतं. माझं लक्ष मात्र खालच्या कोपऱ्याकडे गेलं. तिथे तेच नाव होतं. तेच वळण, तीच अक्षरं.

मी धावत जाऊन आजीला सांगितलं. तिला वाचता येत नव्हतं आणि माझ्यावर तिचा विश्वास बसला नाही. पुस्तक घेऊन ती भिंतीशी गेली. काचेवरून बोट फिरवून तिनं लक्ष्मीखालची सही पाहिली, मग पुस्तकावरची पाहिली. बराच वेळ पाहिली. मग पुस्तक मला परत दिलं आणि काकांच्या गादीखाली होतं तिथे ठेवायला सांगितलं. दुसऱ्या दिवशी सकाळी नेहमीप्रमाणे लक्ष्मीला कुंकू लागलं. देव काढणारा आणि दरोडेखोर काढणारा हात एकच असला, तर त्यात बिघडलं काय, असंच बहुधा तिनं मनाशी ठरवलं असावं. हा निवाडा करायला मला पुढे चाळीस वर्षं लागली.

रघुवीर शंकर मुळगावकर यांचा जन्म १४ नोव्हेंबर १९१८ रोजी गोव्यात अस्नोड्याला झाला. अस्नोडा बारदेशातलं. शेजारीच डिचोली तालुक्यात मुळगाव आहे. आडनावाचा उगम शोधायला फार लांब जावं लागत नाही. तेव्हाचा गोवा पोर्तुगिजांचा होता आणि त्यांची सत्ता जायला १९६१चा डिसेंबर उजाडावा लागला. पण राजा कोणीही असो, त्या मुलखात देवळं होती, देवळांच्या भिंतींवर लाल-पांढऱ्या कावीची नक्षी होती, चतुर्थीला गणपती आणि त्यावर फळाफुलांची माटोळी होती, जत्रेतल्या दशावतारी नाटकांत भडक रंगवलेले देव-दानव रात्रभर नाचत होते. अशा मुलखात वाढलेल्या मुलाला देवाचं रूप कसं असावं, हे पुस्तकातून शिकावं लागत नाही.

चित्रकलेचं शाळेतलं रीतसर शिक्षण मात्र त्यांना मिळालं नाही. ही गोष्ट नीट ध्यानात घ्यायला हवी, कारण त्यांच्याबरोबर ज्यांचं नाव नेहमी जोडून घेतलं जातं ते दीनानाथ दलाल त्यांच्याहून दोन वर्षांनी मोठे, तेही गोव्याचे, मडगावचे. पण दलाल मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमधून शिकून बाहेर पडले होते. मुळगावकर शिकले ते पाहून आणि करून. मुंबईत तेव्हा गुलबर्ग्याहून आलेले एस. एम. पंडित हॉलिवूडच्या चित्रपटांची जाहिरातचित्रं रंगवत होते. पंडितांच्या चित्रांतला तो रसरशीतपणा, पुराणातल्या देवांनाही जिवंत माणसाचं अंग देण्याची ती रीत मुळगावकरांच्या कामात पुढे स्पष्ट दिसते. गुरू समोर बसवून शिकवतोच असं नाही. कधी तो थिएटरच्या दर्शनी भिंतीवर टांगलेला असतो.

मुंबईतलं गिरगाव तेव्हा मराठी छपाईचं माहेरघर होतं. प्रकाशक, छापखाने, ब्लॉकमेकर, बाइंडर, सगळे हाकेच्या अंतरावर. चित्रकाराला काम मिळायचं ते या गल्ल्यांतून. मासिकांना मुखपृष्ठं हवी असत, दिवाळी अंकांना तर हवीच हवीत. १९०९ साली का. र. मित्रांनी ‘मनोरंजन’चा पहिला दिवाळी अंक काढला. त्यानंतर मराठी माणसाच्या फराळाच्या ताटाशेजारी एक अंक आला आणि त्या अंकावर एक सुंदर स्त्री आली. पुढे तीसेक वर्षं ती स्त्री कशी दिसावी, हे बऱ्याच अंशी दोघाच माणसांनी ठरवलं, एक दलाल आणि दुसरे मुळगावकर. दलालांनी १९४५ साली स्वतःचं ‘दीपावली’ काढलं, मुळगावकरांनी आपलं ‘रत्नप्रभा’. चित्रकारानंच संपादक-प्रकाशक व्हायचं, हे धाडस आज पुन्हा कोणी करील असं वाटत नाही.

दोघांची तुलना हा एके काळी गप्पांचा हुकमी विषय होता. आमच्या बँकेच्या कँटीनमध्येही यावरून दोन तट होते. दलालांची ताकद रेषेत. कमीत कमी रेघांत ते माणूस उभा करत. ‘राजा शिवछत्रपती’मधली किंवा ‘मृत्युंजय’मधली त्यांची चित्रं आठवा. मुळगावकरांकडे रेषा जवळजवळ दिसतच नाही. गालाची गोलाई कुठे सुरू झाली आणि कुठे संपली, हे बोटानं दाखवता येत नाही. उजेड हळूहळू सावलीत विरघळतो आणि त्या विरघळण्यातून चेहरा वर येतो. असं का, याचं उत्तर त्यांच्या अवजारात आहे.

मुळगावकर स्प्रेनं रंगवत. इंग्रजीत त्याला एअरब्रश म्हणतात, आपल्या कमर्शिअल आर्टिस्टांच्या बोलीत नुसता ‘स्प्रे’. पेनासारखं धरायचं धातूचं अवजार, त्याला रंगाची इवलीशी वाटी, मागून येणारी रबरी नळी. नळीतून दाबाची हवा येते, ती पायपंपाची किंवा कॉम्प्रेसरची. बोटाखालचा खटका दाबला की हवा सुटते. तोच खटका मागे ओढला की आतली सुई सरकते आणि हवेबरोबर रंगाचे बारीक तुषार बाहेर पडतात. जवळ धरलं तर केसासारखी रेघ, लांब धरलं तर धुकं. जिथे रंग नको तिथे कागद कापून झाकण ठेवायचं. झाकणाच्या कडेला धारदार सीमारेषा मिळते आणि झाकण नसेल तिथे कडा मऊ होते. एकेका गालासाठी असे कितीतरी पातळ थर द्यावे लागतात. हात जरा अडखळला की थेंब पडतो, आणि पडलेला थेंब पुसता येत नाही.

पण नुसत्या स्प्रेनं चित्र होत नाही. पापण्या, नथीतला मोती, जरीचा काठ, केसांची सुटी बट, ही सगळी कामं ब्रशची. म्हणजे चित्राचं अंग यंत्रानं घडायचं आणि त्यात जीव यायचा तो हातानं. आपल्या लक्ष्मीचं एखादं जुनं कॅलेंडर घरात असेल तर भिंग घेऊन पाहा. यंत्र कुठे थांबलं आणि हात कुठे सुरू झाला, ती जागा सापडते. बहुतेक वेळा ती डोळ्यांच्या कडेपाशी असते.

स्प्रेचं यंत्र आलं अमेरिकेतून, एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस. सुरुवातीला त्याचं काम होतं फोटोवर हात फिरवण्याचं. डाग घालवायचे, नाक सरळ करायचं, पार्श्वभूमी पुसायची. म्हणून प्रतिष्ठित चित्रकारांत त्याला कधी मान मिळाला नाही. हे फोटो गोड करायचं हत्यार, यात कला कसली, असा एकूण सूर. आपल्याकडच्या जाणकारांनीही मुळगावकरांना याच कारणावरून बाजूला ठेवलं. त्यांच्या देवांना हाडं नाहीत, त्यांच्या बायका साखरेच्या, त्यांची चित्रं भिंतीसाठी आणि पानपट्टीच्या ठेल्यासाठी, अशी टीका झाली. त्यातली काही मला मान्य आहे. सलग दहा मुखपृष्ठं पाहिली की अकराव्या चेहऱ्याची चाहूल आधीच लागते. पण यंत्र वापरलं म्हणून कला नाही, हा आरोप मी कधीच मानला नाही, आणि तो नवाही नाही. राजा रविवर्म्यानं १८९४ साली मुंबईत छापखाना काढला आणि पुढे तो पुणे-मुंबई लोहमार्गावरच्या मळवलीला गेला, तेव्हा त्याच्या छापील देवांनाही हेच ऐकावं लागलं होतं. त्या छापखान्याच्या दगडांवरून निघालेले देव शेतकऱ्याच्या घरात पोचले. तोपर्यंत देव पाहायचा तर देवळात जावं लागे. काहींना तर देवळात जाताही येत नसे. छापील देवाला मात्र कोणाच्याही घराचा उंबरा चालत होता.

मुळगावकर त्याच वाटेवरचे. त्यांच्या चित्रांची संख्या हजारोंच्या घरात सांगतात. राधा-कृष्ण, शंकर-पार्वती, दत्त, राम, शिवाजी महाराज, झाशीची राणी. घरात, दुकानात, केशकर्तनालयात, एस. टी.च्या ड्रायव्हरसमोरच्या काचेवर त्यांचे देव होते आणि बहुतेकांना चित्रकाराचं नावही ठाऊक नव्हतं.

आणि याच हातानं रहस्यकथाही रंगवल्या. बाबूराव अर्नाळकर म्हणजे चंद्रकांत सखाराम चव्हाण. हजारांहून अधिक कादंबऱ्या लिहिणारा माणूस. झुंजार, धनंजय आणि छोटू, काळापहाड ही त्यांची पात्रं दोन-तीन पिढ्यांनी आपल्या चुलतभावांइतकी जवळची मानली. पण या पात्रांना चेहरा दिला तो मुळगावकरांनी. अर्नाळकरांची पुस्तकं पातळ, स्वस्त कागदाची, आत चित्रं नाहीत. जी काही करामत करायची ती एका मुखपृष्ठावर. स्टेशनवरच्या स्टॉलवर गाडी दोन मिनिटं थांबते. तेवढ्यात खिडकीतल्या माणसाला हात बाहेर काढावासा वाटला पाहिजे. म्हणून मुळगावकर गोष्टीतला सर्वांत धोक्याचा क्षण निवडत आणि तो पुरा होऊ देत नसत. चाप ओढलेला नाही, दार उघडलेलं नाही, किंकाळी फुटलेली नाही. पुढचं आत वाचा. हे तंत्र देवांच्या चित्रांतही होतं, हे माझ्या उशिरा लक्षात आलं. लक्ष्मीच्या हातातून मोहरा ओघळत असतात, त्या जमिनीवर पोचलेल्या नसतात.

स्प्रे या कामाला का चपखल बसला, याचं एक निव्वळ छपाईचं कारणही आहे. त्या काळी रंगीत चित्र छापायचं म्हणजे हाफटोन ब्लॉक करायचे. मूळ चित्राचा फोटो जाळीतून घेऊन त्याचे लहानमोठे ठिपके करायचे. पिवळ्याचा एक ब्लॉक, तांबड्याचा एक, निळ्याचा एक, जमलं तर काळ्याचा. स्वस्त पुस्तकाला चारही परवडत नसत, तिथे कमी रंगांत भागवायचं. ब्रशच्या जाड फटकाऱ्यांचं या जाळीत मातेरं व्हायचं. स्प्रेची छटा मुळातच ठिपक्यांची, ती ठिपक्यांच्या जाळीत सहज उतरायची. म्हणजे मुळगावकर चित्र काढायचे ते नुसतं डोळ्यांसाठी नव्हे, ब्लॉकमेकरच्या जाळीसाठीही. आपलं चित्र शेवटी कोणत्या यंत्रातून जाणार आहे, हे ज्याला आधीच ठाऊक असतं तो चित्रकार वेगळा विचार करतो.

मग मूळ चित्राचं काय व्हायचं?

बँकेत असताना मला याचं एक उत्तर मिळालं. नव्वदीच्या दशकातली गोष्ट. मुंबईतल्या आमच्या शाखेत एक गृहस्थ कर्जासाठी आले. वडिलांचा ब्लॉक करण्याचा धंदा होता, ऑफसेट आल्यावर तो बसला. मुलाला झेरॉक्सचं दुकान टाकायचं होतं. तारण काय, असं मी विचारलं, तर त्यांनी वर्तमानपत्रात गुंडाळलेले पाच-सहा पुठ्ठे टेबलावर ठेवले. जुन्या मुखपृष्ठांची मूळ चित्रं. सही मुळगावकरांची नव्हती, पण काम त्याच पठडीतलं. छापील पुस्तकाच्या दुपटीहून मोठी. कडेला टाचण्यांची भोकं, समासात पेन्सिलीनं लिहिलेली मापं, एका ठिकाणी पांढरा रंग लावून केलेली दुरुस्ती. छापल्यावर ती दुरुस्ती कोणाला दिसली नसणार. इथे मात्र चित्रकारानं मत बदललेला तो क्षण तसाच वाळून बसलेला होता. मी ते पुठ्ठे बराच वेळ पाहिले. मग आमच्या नियमपुस्तकात यासाठी रकाना नाही, असं सांगून त्यांना परत पाठवलं. सोनं चालतं, विम्याची पॉलिसी चालते, चित्र कसं चालणार? काही महिन्यांनी ते रस्त्यात भेटले. चाळीतल्या माळ्यावर पुठ्ठ्यांना वाळवी लागली होती. मी नियमाबाहेर गेलो नाही, आणि नोकरीत असेपर्यंत त्याचा मला अभिमान होता.

हे माळ्यावरचे पुठ्ठे अपवाद नव्हते. ब्लॉक झाला, अंक छापला, की मूळ चित्राचं काम संपलं, असंच सगळे मानत. ते प्रकाशकाकडे राहायचं, नाहीतर ब्लॉकमेकरकडे, नाहीतर कुठेच नाही. चित्रकार पुढच्या कामात गढलेला. दिवाळीच्या आधीच्या चार महिन्यांत तर त्याला मान वर करायला फुरसत नसे.

कायद्याची भाषा वाचायची सवय बँकेनं लावली, म्हणून निवृत्तीनंतर मी कॉपीराइटचा कायदा उघडून पाहिला. १९५७चा कायदा, कलम १७. एखाद्यानं मोबदला देऊन आपल्यासाठी चित्र काढून घेतलं, आणि दोघांत वेगळा करार नसेल, तर त्या चित्राच्या हक्काचा पहिला धनी चित्रकार नाही, चित्र सांगणारा. कॅलेंडरवाला, मासिकवाला, प्रकाशक. वेगळा करार लिहून घेणारे चित्रकार त्या काळात किती असतील, याचा अंदाज तुम्हीच करा. १९९४ साली कायद्यात आणखी एक कलम आलं, ५३-ए. मूळ चित्र दहा हजार रुपयांच्या वर पुन्हा विकलं गेलं, तर चित्रकाराला किंवा त्याच्या वारसांना त्या किमतीत दहा टक्क्यांपर्यंत वाटा मिळू शकतो. वाचून बरं वाटलं. मग पुढची ओळ वाचली. हा वाटा मिळतो तो चित्रकार कलम १७ प्रमाणे पहिला धनी असेल तरच. म्हणजे ज्यांनी आयुष्यभर दुसऱ्यांच्या सांगण्यावरून चित्रं काढली, त्यांच्यापुढे हे दार उघडलं आणि त्याच ओळीत बंदही झालं. आज अशा जुन्या मूळ चित्रांना लिलावात मागणी आहे. एके काळी भिंतीसाठी आणि पानपट्टीसाठी म्हणून हिणवलेल्या कामाला आता काचेमागे मंद दिवे मिळतात.

३० मार्च १९७६ रोजी मुळगावकर गेले. वय अवघं सत्तावन्न. दलाल त्यांच्या आधी पाच वर्षं, १९७१च्या जानेवारीत गेले होते, तेही चोपन्नाव्या वर्षी. पाच वर्षांच्या अंतरानं मराठी मुखपृष्ठाचे दोन्ही खांब खाली आले. मी तेव्हा दहावीच्या आसपास होतो. भिंतीवरच्या लक्ष्मीला काही कळलं नाही. आजीलाही कोणी सांगितलं नाही.

काळही बदलत होता. १९७३ साली ‘कालनिर्णय’ आलं आणि कॅलेंडरच्या पाठीमागच्या बाजूला वाचायला मजकूर मिळू लागला. भिंतीला चित्रापेक्षा तिथी-वाराची गरज जास्त वाटू लागली. आमच्या गल्लीतल्या मुलांच्या हातात अर्नाळकरांऐवजी इंद्रजाल कॉमिक्स आली. १९६४ साली सुरू झालेली ही मालिका पुढे मराठीतही निघाली. त्यातला बुरखाधारी वेताळ मला पहिल्या भेटीतच ओळखीचा वाटला. काकांच्या गादीखाली मी त्याच्या जातभाईला भेटलो होतो. या कॉमिक्सची एक गंमत फार थोड्यांना ठाऊक आहे. आतली चित्रं अमेरिकेतल्या वर्तमानपत्री मालिकांची, पण मुखपृष्ठं इथेच, आपल्या चित्रकारांनी रंगवलेली. बी. गोविंद यांनी रंगवलेला वेताळ आतल्या वेताळापेक्षा भारदस्त असे. पुढे ‘अमर चित्र कथे’त राम वाईरकर आणि पुण्याचे प्रताप मुळीक हेच काम करत राहिले. चित्रकथेचं मुखपृष्ठ हा मुळगावकरांनी घालून दिलेलाच धडा होता. धोक्याचा क्षण निवडा आणि तो पुरा होऊ देऊ नका.

१९९० साली इंद्रजाल कॉमिक्स बंद झाली. त्याच वर्षी अमेरिकेत फोटोशॉप नावाचा संगणकाचा प्रोग्राम बाजारात आला. त्यातल्या अवजारांच्या पेटीत एका अवजाराचं नाव होतं एअरब्रश. नळी नाही, पंप नाही, सुई नाही, रंगही नाही. पण माउस धरून ओढलं की पडद्यावर तेच धुकं उमटायचं, आणि थेंब पडला तर तो परत उचलताही यायचा.

या सगळ्याकडे माझं लक्ष जायला निमित्त झालं ते गेल्या वर्षी. पाटसचं जुनं घर उतरवायला काढलं. भावाभावांत वाटण्या झाल्या होत्या, भांडी आणि कपाटं गेली, लक्ष्मी कोणी मागितली नाही. चौकटीला कसर लागली होती. पुतण्याची मुलगी पुण्यात उपयोजित कलेचं शिक्षण घेते आणि मित्रमैत्रिणींनी मिळून काढलेल्या एका मराठी कॉमिकचं मुखपृष्ठ तेव्हा तिच्या हातात होतं. ती ते कसं करते, हे मी शेजारी बसून पाहिलं. आधी कागदावर पेन्सिल. मग ब्रशनं शाई, कारण शाईची ओली कड पडद्यावर येत नाही, असं ती म्हणाली. मग ते स्कॅन करून संगणकात घ्यायचं आणि रंग तिथे भरायचे, थरावर थर, मऊ कडांचे. चेहऱ्यावरचा उजेड झाला की ती पुन्हा कागदाकडे वळली. जुन्या पद्धतीनं पाण्याच्या रंगाचे डाग पाडले, त्यांचाही स्कॅन घेतला आणि ते आकाशात मिसळले. हात कुठे संपला आणि यंत्र कुठे सुरू झालं, हे मी शोधू लागलो. ते डोळ्यांच्या कडेपाशीच होतं.

तिच्या चित्राची मूळ प्रत कोणती, हे मात्र मला शेवटपर्यंत कळलं नाही. कागदावर नुसती काळी शाई आहे, आकाशाचे डाग दुसऱ्या कागदावर आहेत, रंग कुठल्याच कागदावर नाहीत. मी बँकवाला असल्यानं तारणाचा विचार आधी करतो. तारण ठेवायचं तर टेबलावर काय ठेवणार, असं मी तिला विचारलं. ती हसली. पण कॉमिक काढणाऱ्या मित्रमैत्रिणींबरोबर तिनं एका पानाचा करार मात्र लिहून घेतला आहे, आणि त्यात हक्क कोणाचा हे स्पष्ट आहे. तो मी दोनदा वाचून पाहिला. ठीक आहे.

लक्ष्मी तिला हवी होती. आम्ही दोघांनी मिळून चौकटीचे गंजलेले खिळे काढले. मागे जुन्या वर्तमानपत्राची घडी आणि पुठ्ठा, त्यापुढे चित्र. काचेतून बाहेर आल्यावर ती माझ्या आठवणीतल्यापेक्षा बरीच लहान निघाली. कडा पिवळ्या, पण चेहरा शाबूत. तिनं ते स्कॅनरवर ठेवलं आणि संगणकाच्या पडद्यावर खालचा कोपरा मोठा करत नेला. सहीची अक्षरं आधी जाड झाली, मग विस्कटली, मग नुसते ठिपके उरले, तांबडे, पिवळे, निळे. आणखी मोठं केल्यावर ठिपकेही राहिले नाहीत, नुसते चौकोन.

मग तिनं चेहरा पडद्यावर घेतला आणि तिच्या लक्षात आलं की कपाळावर कुंकू नाही. चित्रात ते कधी नव्हतंच. ते काचेवर होतं, आणि काच खिळ्यांशेजारी फरशीवर भिंतीला टेकून ठेवली होती. संगणकात ते कुंकू घालू का, असं तिनं मला विचारलं. मी तिला एवढंच सांगितलं, की काच पुसू नकोस.